लहानथोर सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावीत अशी, फारशी चर्चेत नसलेली मराठी पुस्तके कोणती?

सांजवाचन, बडोदे

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटे एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा प्रघात पडला आहे. ऐकणाऱ्यांत आठ वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी, मोतीबिंदूमुळे स्वतः वाचू न शकणाऱ्या सासूबाई आणि दोन पानांनंतर डुलक्या घेणारे माझे यजमान आहेत. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांना चांगले समजते, पण वाचताना ती अडखळतात, म्हणून ऐकण्यावरच भर आहे.

'श्यामची आई', 'गोट्या' आणि 'फास्टर फेणे' वाचून झाले. पुढे काय वाचावे असे कुणालाही विचारले की त्याच तीन-चार नावांवर गाडी येऊन थांबते. मध्यंतरी संस्कारकथांचा दहा पुस्तकांचा संच मागवला, तर प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य, आणि चौथ्या दिवसापासून मुलगी दुसऱ्याच वाक्याला तात्पर्य सांगून मोकळी होऊ लागली. बालसाहित्य म्हणून विकली जाणारी पुस्तके तिला बाळबोध वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या धाकट्याच्या डोक्यावरून जातात आणि सासूबाईंना केवळ मुलांसाठी म्हणून ऐकत बसणे आवडत नाही. चौघांनाही धरून ठेवतील अशी पुस्तके कृपया सुचवावीत.

कपाट क्रमांक सात

मी तालुक्याच्या ठिकाणी एका शासनमान्य वाचनालयात बरीच वर्षे पुस्तके देण्याघेण्याचे काम करतो. आपण शोधता आहात तशी पुस्तके मराठीत आहेत, परंतु ती बहुधा चुकीच्या कपाटात असतात, म्हणून ती हवी असणाऱ्यांच्या हाती लागत नाहीत असा माझा अनुभव आहे.

जी. ए. कुलकर्णी यांचेच पाहा. त्यांचे नाव घेतले की नियती, अंधार आणि दीर्घ रूपककथा आठवतात, त्यामुळे १९८६ साली आलेले त्यांचे 'बखर बिम्मची' आमच्याकडेही मोठ्यांच्या कथासंग्रहांत कोंबलेले होते. बिम्म हा लहान मुलगा, बब्बी ही त्याची बहीण, आणि भोवतालच्या प्राण्यांशी त्याचे चाललेले अत्यंत गंभीर संभाषण, एवढाच त्याचा ऐवज आहे. धाकट्याला त्यातली गंमत कळेल, आणि मोठ्यांनी आपल्या बोलण्यात किती निरर्थक गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे ऐकताना सासूबाईंच्या लक्षात येऊन त्या मध्येच हसतील. मी ते पुस्तक बालविभागात हलवले तेव्हा एका जुन्या सभासदांनी जी.एं.चा अपमान केल्याबद्दल मला बरेच सुनावले. पुढे तेच नातवासाठी ते घेऊन गेले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

विंदा करंदीकरांचे 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' ज्ञानपीठविजेत्या कवीच्या इतर संग्रहांखाली दबलेले असते. ते मनात वाचण्याचे पुस्तक नव्हेच. आवाज बदलून, थांबे घेऊन, हावभाव करून म्हटले तरच त्यातली भुते जागी होतात, आणि आपल्या यजमानांची डुलकीही मोडेल.

अनुवादित पुस्तकांच्या कपाटातून 'पाडस' काढावे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या अमेरिकन कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद आहे. फ्लोरिडातल्या रानात शेती करून राहणारे एक कुटुंब, त्यांचा एकुलता मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पाडस, एवढ्यावर हे जाडजूड पुस्तक उभे आहे, आणि त्यातले मराठी इतके घरचे आहे की अनुवाद ऐकतो आहोत हे विसरायला होते. रोज अर्धे प्रकरण धरले तर पावसाळा निघेल.

मारुती चितमपल्ली यांचे 'रातवा' निसर्गविषयक पुस्तकांत सापडेल. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी जे पाहिले ते त्यांनी अशा शब्दांत लिहिले की काही शब्द त्यांना नव्याने घडवावे लागले. अनेक बगळे एकत्र घरटी बांधतात त्या जागेला त्यांनी 'सारंगागार' म्हटले. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना असा एखादा शब्द देऊन पाहा. आमच्या वाचनालयात येणारी मुले तो महिनाभर उगाचच वापरत होती.

रानवाट

वरील यादीशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु 'पाडस' सुचवताना शेवटाची कल्पना द्यायला हवी होती. वाढलेले पाडस शेतातले पीक खाऊ लागते, पिकावर घराचे पोट अवलंबून असते, आणि त्यातून जे घडते ते कुठल्याही अर्थाने गोड नाही. माझ्या सात वर्षांच्या भाच्याने त्यानंतर आठवडाभर कोणतेही पुस्तक ऐकण्यास नकार दिला. पुस्तक टाळावे असे मी म्हणत नाही, कारण बाप आणि मुलगा यांच्यातला शेवटचा संवाद मराठीत उपलब्ध असणे हेच भाग्य आहे, पण ते रात्री झोपण्यापूर्वी नव्हे, रविवारी दुपारी वाचावे.

हीच सूचना व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'बद्दल करीन. वानरांच्या टोळ्यांमधील सत्तासंघर्षावरची ही छोटेखानी कादंबरी १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे प्राणिशास्त्राने नोंदलेले वास्तव त्यात कोणतेही पांघरूण न घालता येते. तेरा वर्षांच्या मुलीबरोबर ती अवश्य वाचावी. आठ वर्षांच्या मुलासाठी अजून तीन-चार वर्षे थांबावे.

जुनी पाने

सासूबाईंचा विचार करून मी 'माझा प्रवास' हे एकच पुस्तक सुचवतो आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज झाले आणि उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी कळली, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर निघाले, आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. हा सगळा वृत्तांत त्यांनी उतारवयात लिहिला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो भाषेवर हात फिरवून १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापला, आणि दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केली.

घरात वाचण्यासाठी याचे महत्त्व असे की गोडसे हे ना सैनिक होते ना इतिहासकार. दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होते, पुढच्या मुक्कामाला चोरांचे भय आहे की नाही, याची चिंता करणारा हा माणूस आहे, आणि म्हणून झाशीची राणी त्यात पुतळ्यासारखी येत नाही. काही शब्द मुलांना अडतील. तिथे सासूबाईंना विचारावे, म्हणजे त्या केवळ श्रोत्या राहणार नाहीत. झाशी पडल्यानंतरच्या कत्तलीची आणि लुटीची पाने मात्र आधी स्वतः वाचून मगच ठरवावे.

आपण बडोद्यात आहात, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय चळवळीतून उभ्या राहिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करावी. विकत घेण्यापूर्वी जुनी आवृत्ती हाताळून पाहिलेली बरी.

ओसरी

मुलीसाठी दोन चरित्रे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' सर्वांना ठाऊक असते, पण वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे परदेशस्थ भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीतून थेट मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून कसे पोहोचले आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराच्या भित्तिचित्रात कसे आले, हे सांगणारे त्यांचे 'नाही चिरा' तितके वाचले जात नाही. दुसरे शिक्षिका अनुताई वाघ यांचे आत्मचरित्र, 'कोसबाडच्या टेकडीवरून'. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही कल्पना आपल्या मुलांना फारच पसंत पडेल असे वाटते.

ज्या रात्री सगळे दमलेले असतील त्या रात्रीसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. १९७१ पासूनचे हे मासिक असून त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

सांजवाचन, बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी काल पुस्तकाऐवजी सगळ्यांना वाचून दाखवली. सासूबाईंनी वरसईचे नाव ऐकताच, त्यांच्या आजोळच्या वाटेवर ते गाव लागत असे, असे सांगून स्वतःच अर्धा तास बोलल्या, त्यामुळे 'माझा प्रवास' पहिला हे ठरून गेले. यजमान शनिवारी ग्रंथालयात जाणार आहेत. शाळा कुरणावर नेतात हे ऐकल्यापासून धाकटा मात्र ती कोसबाडची शाळा अजून चालू आहे का, तिथे प्रवेश मिळतो का, असे विचारतो आहे.