प्रतिसाद: नवीन आशाताई आणि अर्धवट राहिलेल्या गृहभेटी
वर विचारलंय की जुन्या आशाताईंनी काम सोडलं, तर चालू नवजात भेटींचं काय. रुजू होण्याच्या दिवशीच एएनएमताईंसोबत (उपकेंद्राच्या परिचारिका) बसून गरोदर माता आणि ४२ दिवसांखालच्या बाळांची यादी उतरवून घ्या. दवाखान्यात प्रसूती असेल तर भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८, ४२ वा दिवस. घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची जास्तीची. सिझेरियनला सातव्या दिवसापासूनच्या पाचही पूर्ण केल्या की आशाला मोबदल्याचे २५० रुपये पूर्ण मिळतात. इथेच मोबदल्याचे फॉर्म उगाच अडवले जातात. म्हणून जन्मनोंद, माता-बाल कार्डावर वजन आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) आधीच तपासा. माहेरी गेलेली बाळंतीण हमखास निसटते, तिथल्या आशाला फोन कराच.