चाळिशीत नवे मित्र होतात का?

सांगलीकर: बदलीमुळे पुण्यात येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसात सगळे गोड बोलतात, पण सहा वाजले की जो तो आपापल्या गाडीकडे. परवा कपाट हलवायचं होतं, तर हाक मारावी असा एक माणूस आठवेना. शेवटी बायको नि मीच. पाठ अजून धरलीये. माझंच काही चुकतंय का?

कोथरूडची मावशी: चुकत काही नाही रे, तास कमी पडतायत. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला होता. जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात एकत्र काम केलेले तास त्यात फारसे धरू नकोस.

सांगलीकर: २०० तास! मुलीच्या क्लासच्या फेऱ्यांतून काढू कुठून?

पायरीवाला: मी रोज पर्वती चढतो. वर्षभर एका काकांशी फक्त "काय, आज उशीर?" एवढंच बोलणं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्तासाठी पहिला फोन त्यांचाच आला. घरी पोहेही खाल्ले नव्हते कधी एकमेकांच्या.

सांगलीकर: किती वाजता चढता?