तामान नगारा: जंगलाला कमीत कमी त्रास देऊन कसं फिरावं?

पाऊसवेडी:
मंडळी, एप्रिलमध्ये मी आणि माझी मावशी (वय ६१, गुडघे शाबूत, उत्साह माझ्या दुप्पट) मलेशियातल्या तामान नगारा राष्ट्रीय उद्यानात पाच दिवस जातोय. मुक्काम क्वाला ताहान गावात. जिकडे बघावं तिकडे 'इको टूर' लिहिलेलं आहे, त्यामुळे खरं कुठलं आणि नुसतं पाटीवरचं कुठलं ते कळेना. मी बांबूचा ब्रश, विघटनशील साबण वगैरे खरेदी केली. त्यावर मावशी म्हणते, सामान घेऊन जंगल वाचत असतं तर दुकानदारांनी केव्हाच वाचवलं असतं.
तर, बोटीने जावं की रस्त्याने? रात्रीची जंगलफेरी आणि आदिवासी वस्तीची भेट घ्यावी का? आणि जळवांचं काय करायचं?

रानवाट:
मावशींना माझा नमस्कार सांगा. मी तिथे दोनदा गेलोय. पहिल्या खेपेला जे केलं त्यातलं निम्मं दुसऱ्या खेपेला मुद्दाम टाळलं, म्हणून लांबण लावतोय.

आधी एक गोष्ट पचवून घ्या: प्राणी दिसणार नाहीत. मला तीन दिवसांत दोन धनेश, माकडं, एक रानडुक्कर आणि अगणित मुंग्या दिसल्या. हत्ती, टापीर (आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा मोठा प्राणी), वाघ सगळे आहेत, पण ४,३४३ चौरस किलोमीटरच्या दाट झाडीत. वाघ तर अख्ख्या मलेशियात दीडशेच्या आत उरलेत. हे आधीच का सांगतोय, तर पर्यटकांकडून जंगलाला होणारा बराचसा त्रास 'काहीतरी दाखवा ना' यातूनच सुरू होतो. रात्रीच्या फेरीला आमच्या गटात पंधरा माणसं आणि पंधरा विजेऱ्या होत्या. वाटाड्याने काडीने डिवचून एक मोठा कोळी बिळाबाहेर काढला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या! अजून आठवलं की कानकोंडं होतं.

दुसऱ्या वेळी चौघेच गेलो. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगितलं, काही दिसलं नाही तरी चालेल, कशाला हात लावू नका. तो बिचारा एकदम सैलावला. एका ठिकाणी त्याने सगळ्यांना विजेऱ्या बंद करून उभं केलं. डोळे सरावल्यावर कुजक्या काटक्यांवर फिकट हिरवट उजेड दिसायला लागला. चमकणारी बुरशी. पंधरा विजेऱ्यांत ती आम्ही तुडवून गेलो असणार. तेव्हा फेरी घ्या, पण गट लहान बघून.

चालताना चिखल आला की माणूस कडेने जातो, मागचा आणखी कडेने. असं करत पायवाटेचा हमरस्ता होतो. तिथे सुपीक माती म्हणजे वरचा पातळ थर, आणि एवढाल्या झाडांची बरीचशी मुळं त्या थरातच पसरलेली. म्हणून चिखलातून सरळ मधून जा. माझे महागडे ट्रेकिंग बूट पहिल्याच दिवशी भिजले ते परत येईपर्यंत वाळले नाहीत. वाटाड्याच्या पायात साधे काळे रबरी बूट. तिकडे त्यांना थट्टेने 'आदिदास कम्पुंग' म्हणतात, कम्पुंग म्हणजे खेडं. पाणी ओतून टाकलं की पुन्हा चालायला तयार. कुठलेही बूट न्या, पण निघण्याआधी तळवे घासून धुवा, नाहीतर आपल्याकडचं बी तिकडे रुजायचं.

बोट की रस्ता यावर फार डोकं शिणवू नका. मी जाताना जेरांतूतहून सगळ्यांच्यात मिळून व्हॅनने गेलो. खिडकीबाहेर जंगल तोडून लावलेल्या तेलताडाच्या (पामतेलाच्या झाडांच्या) रांगा संपता संपत नाहीत, त्या बघाच. पुढे जे जंगल उभं आहे ते किती थोडकं उरलंय ते तिथे कळतं. येताना तेंबेलिंग नदीतून तीन तास बोट, तीही छान. फक्त प्रवाहात मुद्दाम लाटा उडवत नेणारी बोटीची फेरी असते, ती सोडा.

आता वस्ती. बातेक हे तिथले आदिवासी, उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून राहतात. मी गेलो तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता: फुंकनळी, काटक्या घासून आग, फोटो, चला. मुलांचे फोटो मीही काढले, एकालाही विचारलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा वस्ती टाळली. तुम्हाला जायचंच असेल तर पैशातला वाटा वस्तीला किती पोहोचतो ते आधी विचारा. आणि साधी सर्दी असली तरी जाऊ नका. २०१९ मध्ये उद्यानाच्या केलांतान बाजूच्या क्वाला कोहला बातेक वस्तीत गोवराची साथ आली होती, माणसं दगावली.

जळवा चिकटतात, रक्त थोडा वेळ वाहतं, संपलं. मीठ, काडेपेटी काही नको. नखाने बाजूने सरकवायची आणि पानावर ठेवायची. कापडी लांब मोजे पँटवरून चढवा. डासांचं मलम लावून ओढ्यात उतरू नका, ते सगळं पाण्यात जातं.

तिरकस:
विमानाने जायचं आणि ओढ्यात मलम धुवायचं नाही! हत्ती गेला, शेपटाची चिंता.

रानवाट:
बरोबर आहे, सगळ्यात मोठा धूर विमानाचाच. म्हणून दोन दिवसांत आटपून पुढच्या बेटावर उडी मारू नका, पाचचे आठ दिवस करा. पण हत्ती गेलाच आहे म्हणून ओढाही घाण करायचा, हे काही मला पटत नाही.

पाऊसवेडी:
आठ दिवसांना मावशीने लगेच होकार दिलाय, रजेचं मी बघते. तिला मचाणावर रात्र काढायची आहे. जमेल?

रानवाट:
जमेल. तिथे 'बुंबुन' म्हणतात. खारी माती चाटायला जनावरं येतात अशा जागी बांधलेल्या लाकडी खोल्या, आत फळ्यांचे पलंग. बुंबुन ताहान उद्यानाच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण म्हणूनच तिथे वर्दळ फार. बुंबुन कुंबांग चालत अकरा किलोमीटरच्या आसपास, बोटीने गेलात तर थोडंच चालावं लागतं. मावशींसाठी बोट घ्या. पांघरूण, पाणी न्या, कचरा परत आणा. खाऊ घट्ट डब्यातच ठेवा. आम्ही बिस्किटं दोरीला टांगली होती, उंदीर दोरीवरून उतरले.
पहाटे तीनला खाली चिखलात काहीतरी जड चालत होतं. पचक, पचक, मग बराच वेळ काही नाही. आम्ही कुणी विजेरी लावली नाही.

पाऊसवेडी:
मावशी विचारतेय, मग होतं काय ते?

रानवाट:
सकाळी वाटाड्या ठसे बघून म्हणाला टापीर. माझा मित्र अजून हत्तीवर अडून बसलाय.