टोनर काढणं पुरेसं नाही
ऑफिसचं मोठं झेरॉक्स मशीन दुसऱ्या जागी हलवताना टोनरच्या (छपाईच्या पावडरीच्या) बाटल्या काढल्या की ते टेम्पोत चढवायला तयार, असं सांगितलं जातं. हे मत अर्धंच बरोबर आहे. खरा गोंधळ घालते ती वेस्ट टोनरची, म्हणजे छपाईनंतर उरलेली पावडर जमा होते ती डबी. ती भरत आलेली असताना मशीन तिरकं झालं, तर पावडर थेट आत सांडते. डबी काढा, तोंडाला टेप लावा, उभीच न्या.

स्कॅनरचं लॉक मात्र कुणी सांगत नाही. काचेखालची कॅरेज (स्कॅन करताना पुढे-मागे सरकणारा भाग) मोकळी राहिली तर नवी मुंबईतल्या महापेपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंतच्या खड्ड्यांतही तिची वायर पुलीवरून उतरू शकते. लॉकचा स्क्रू असलेल्या मॉडेलांत कॅरेज ठरलेल्या जागी आणून तो घट्ट करा. नव्या जागी चालू करण्याआधी आठवणीने काढा, नाहीतर स्कॅनरची एरर ठरलेली. फिनिशर (छापलेले कागद लावून स्टेपल करणारा, बाजूला जोडलेला भाग) वेगळाच न्या. जोडलेला ठेवून ढकलला की जोडणीची पट्टी वाकते.