जागरणं, अवेळची भूक आणि वजन : शिकतानाचे तुमचे अनुभव

विद्यापीठात असताना दोन वर्षांत माझं वजन नऊ किलोंनी वाढलं. जो तो जेवण कमी कर म्हणायचा. झोपतेस किती, हे कुणीही विचारलं नाही. परवा धाकट्या भावाचा फोन आला. तो पहिल्या वर्षाला आहे. "ताई, रात्री दोनला पोटात नुसता खड्डा पडतो गं," म्हणाला, आणि सगळं पुन्हा आठवलं. म्हणून हा धागा. झोप, खाणं आणि वजन यांची घडी तुमच्याकडे कशी विस्कटली, कशी बसली, ते लिहा. उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

सुरुवात मीच करते. रात्री दीडच्या सुमाराला बिस्किटांचा पुडा पांघरुणात घेऊन उघडायचे, कागद वाजून शेजारच्या खाटेवरची उठू नये म्हणून. दोनच खायची ठरवलेली असायची आणि बोटं पुड्याच्या तळाला लागायची. मग अपराधी वाटून सकाळचा नाश्ता बुडवायचा. वर्गात डुलक्या, संध्याकाळी दोन तास गाढ झोप, की रात्री पुन्हा टक्क जागी! माझ्यात निग्रहच नाही, असं मी धरून चालले होते.

मग २००४ साली प्रसिद्ध झालेला शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग वाचनात आला. १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास अंथरुणात राहू दिलं. कमी झोपेनंतर रक्तातलं पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) १८ टक्क्यांनी कमी, तर भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी जास्त भरलं. ओढही गोडाधोडाची, पिष्टमय पदार्थांची. ते वाचताना मला रडू आलं. दोन वर्षं मी स्वतःला उगाच बोल लावत होते.

पायवाट : माझं उलट झालं. सहा किलो उतरलं. परीक्षेच्या दिवसांत कॉफीवरच निभावायचो, भूक मरायची. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं तेव्हा मित्र म्हणाले, छान बारीक झालास. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, हे त्यांना दिसत नव्हतं. कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कॉफीतलं निम्मं दोन वाजताही अंगात असतं. दुपारी दोननंतर घेणं बंद केलं. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, मग बाराच्या आत डोळा लागू लागला आणि सकाळची भूक परत आली.

सातवी घंटा : रविवारी बारापर्यंत लोळणं सोडलं, एवढंच केलं. सोमवारची मरगळ गेली आणि तिच्यासोबतचं अबरचबर खाणंही.

कोरं पान : मी थोडं वेगळं सांगते. तीन महिने रोज साडेसात तास झोपले. रात्रीचं चरणं थांबलं, वजन मात्र तसूभर हललं नाही. शेवटी रक्त तपासलं तर थायरॉईडचा त्रास निघाला. झोप सुधारूनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांकडे जा, मी फार उशीर केला.

कोरं पान, बरं झालं लिहिलंत. माझंही वजन झोपेने आपोआप उतरलं नाही. आधी नाश्ता सुरू केला, मग संध्याकाळची झोप अर्ध्या तासावर आणली. जागायचंच असेल त्या रात्री दहालाच पोटभर काहीतरी खाऊन घ्यायचे, खोलीत पुडा ठेवायचा नाही. नऊपैकी पाच किलो उतरायला वर्ष लागलं.

प्रयोगशाळेच्या कामामुळे ज्यांना रात्री जागणं चुकतच नाही, त्यांनी जेवणाच्या वेळा कशा लावल्या? भावाला पुढच्या सत्रात तेच आहे.