मदत हवी आहे: सामाईक विमानाच्या इंजिनाचा खर्च कसा वाटावा?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे आठ जण मिळून एक जुनं सेसना १७२ (एका इंजिनाचं चार आसनी छोटं विमान) घ्यायच्या विचारात आहोत. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हे दरमहा सारखं वाटून घ्यायचं, इथवर सगळ्यांचं जुळलं. अडलंय ते इंजिनावर. त्यातलं लायकमिंग कंपनीचं इंजिन साधारण २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून दुरुस्तीला) काढावं, असं कंपनी सांगते. म्हणजे उडवलं नाही तरी ते म्हातारं होतंच. उलट पावसाळाभर नुसतं उभं राहिलं की आतून गंज धरतं. मग ओव्हरहॉलसाठी साठवायचा निधी फक्त उड्डाणाच्या तासांवर घ्यावा, की थोडा मासिक वर्गणीतूनही? माझ्या मते दोन्हींतून. पण महिन्यातून एकदाच उडणारे दोघे नाराज आहेत, आणि दोघेही जिवाभावाचे मित्र.

शिवाय तास कोणत्या मीटरवर धरता? हॉब्स मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो, टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन हळू फिरलं की तोही हळू. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात सोनेगावच्या (नागपूर विमानतळाच्या) टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं, की दोन्ही मीटरांत चांगलाच फरक पडतो.

कुणी असं विमान सामाईक चालवलं असेल, तर लेखी नियम काय ठेवले ते कृपया सांगा. पुढच्या रविवारी बैठक आहे.