क्रिएटिनिन १.२ म्हणजे नॉर्मल ना? तरी लघवीची टेस्ट करायची का

आईसाठी विचारतेय. वय ५८, शुगर ११ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. परवा किडनीसाठीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.२ आलं, लॅबच्या कागदावर १.३ पर्यंत नॉर्मल लिहिलंय त्यामुळे आई म्हणते विषय संपला. पण माझ्या मावशीचं पण असंच सगळं ठीक चाललेलं आणि एकदम डायलिसिसच सुरू झालं, तेव्हापासून मला धास्तीच बसलीये. आईला सूज नाही, लघवी व्यवस्थित, काहीच त्रास नाही. अजून काही टेस्ट लागते का?

लॅबवाला: ताई, मी लॅबमध्येच काम करतो. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका. ते स्नायूंतून तयार होतं, बारीक बाईला आणि पैलवानाला एकच आकडा कसा लागू होईल? वय आणि बाई की पुरुष हे धरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) काढतात, तुमच्या आईचा साधारण ५२ येतोय, म्हणजे ६० च्या खाली. तीन महिन्यांनी परत करा, तेव्हाही खालीच असेल तर क्रॉनिक किडनी डिसीज धरतात. आणि यूरिन एसीआर (लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीन मोजणारी टेस्ट) नक्की करा, शुगर असेल तर ती दरवर्षी करायचीच असते. साध्या यूरिन रुटीनमध्ये प्रोटीन निल आलं तरी थोडं थोडं अल्ब्युमिन जात असू शकतं, ते यात सापडतं. ३० च्या आत हवं. सकाळची पहिली लघवी द्या, ताप किंवा जळजळ असेल तर बरं झाल्यावर द्या नाहीतर उगाच जास्त येतं.

बाबांचा मुलगा: आमच्या बाबांनाही काहीच त्रास नव्हता हो. पाय सुजले तेव्हा दाखवलं तर किडनी बरीच गेलेली, आता आठवड्यातून ३ वेळा ४-४ तास मशीनवर असतात आणि आल्यावर जेवायचंही त्राण नसतं. गुडघ्यासाठी कित्येक वर्षं मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणून खायचे, आम्हाला पत्ताच नाही. आईंना पेनकिलरचं विचारा प्लीज.

लॅबवाला: हे फार महत्त्वाचं. आणि अल्ब्युमिन निघालं तरी खचू नका, टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन अशा गोळ्यांनी किडनी खराब व्हायचा वेग कमी होतो, डॉक्टर ठरवतील. लवकर कळलं तरच त्याचा खरा उपयोग.

मूळ प्रश्न विचारणारी: आत्ता विचारलं. कंबर दुखली की शेजारच्या काकूंकडून गोळी घेते म्हणाली, नावही माहीत नाही. मी रडलेच तिच्यासमोर. डबी आणून ठेवलीये, सकाळी सॅम्पल देतोय.